बालचित्रवाणीचा जमाखर्च

२०१७ च्या मे महिन्याचे शेवटचे दिवस. सकाळचा चहा घेत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे माझा जुना विद्यार्थी होता. नवीन पनवेलमध्ये त्याचा केबलचा धंदा आहे.

"गुरुजी, पेपर वाचला का? तुमचं चॅनेल बंद झालं."

"माझं कसलं चॅनेल रे?"

"असं काय करता? बालचित्रवाणी! अँटेना फिरवायला आंब्यावर मलाच चढवायचात ना तुम्ही?"

बातमी मी वाचली होती. पुण्याची बालचित्रवाणी ही संस्था बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता. मी मास्तरी सवयीने त्याला समजावू लागलो, की बालचित्रवाणी हे चॅनेल कधीच नव्हतं. ती कार्यक्रम तयार करणारी संस्था होती आणि ते कार्यक्रम दूरदर्शन दाखवायचं. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, बघणाऱ्याला जे दिसतं ते चॅनेल. आणि आपल्या वाडीला तेवढं एकच दिसायचं."

फोन ठेवल्यावर त्याचे बोलणे मनातून जाईना. तेहतीस वर्षे चाललेली, मराठी मुलांसाठी मराठीत चित्रे दाखवणारी एक व्यवस्था संपली होती आणि तिच्यासाठी रस्त्यावर कोणी उतरले नव्हते. मुले तर उतरणार नव्हतीच. त्यांना ती बंद झाल्याचे कळलेही नव्हते. त्या दिवसापासून मी या विषयाचे जे मिळेल ते वाचत गेलो, धंद्यातल्या माणसांना विचारत गेलो. मुलांसाठीची वाहिनी कशी उभी राहते आणि कशामुळे बंद पडते, या प्रश्नाचे मला उमगलेले उत्तर इथे मांडतो आहे. मी काही माध्यमांचा अभ्यासक नाही. पनवेल तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत उमेदीची वर्षे घालवलेला एक प्राथमिक शिक्षक आहे. त्यामुळे माझे पाहणे वर्गातल्या सतरंजीवरून आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

उपग्रह आधी, मूल नंतर

बालचित्रवाणीचा जन्म शाळेत झाला नाही, तो अवकाश कार्यक्रमात झाला. उपग्रहाच्या मदतीने खेड्यापाड्यांत एकदम दूरचित्रवाणी पोचवता येईल, हे स्वप्न विक्रम साराभाईंनी पाहिले होते. त्यासाठी १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला. साराभाई १९७१ च्या अखेरीस गेले, पण प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांमध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले. हाच तो 'साइट' नावाने ओळखला जाणारा प्रयोग. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक प्राध्यापक यशपाल त्याचे सूत्रधार होते. सकाळचे प्रसारण शाळकरी मुलांसाठी असे. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

महाराष्ट्राची पाळी आली ती 'इन्सॅट'मुळे. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि देशाला स्वतःचा, कायम चालणारा दूरचित्रवाणीचा रस्ता मिळाला. रस्ता झाला की त्यावर गाडी हवी. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करायला आंध्र, बिहार, गुजरात, महाराष्ट्र, ओरिसा आणि उत्तर प्रदेश ही सहा राज्ये निवडली गेली. दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली एक केंद्रीय संस्था आणि प्रत्येक राज्यात एक राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, अशी ही मांडणी होती. महाराष्ट्रातली संस्था १९८४ मध्ये पुण्याला, सेनापती बापट रस्त्यावर पाठ्यपुस्तक मंडळाच्या शेजारी उभी राहिली. तिचे कागदावरचे लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसले नाही. 'बालचित्रवाणी' हे नाव मात्र बसले.

सहा राज्ये, पण भाषा पाच : हिंदी, मराठी, गुजराती, उडिया आणि तेलुगू. उपग्रहावरचा मार्ग एक आणि भाषा पाच, म्हणून प्रत्येक भाषेला आळीपाळीने पंचेचाळीस मिनिटे वाटून दिली होती. त्या पंचेचाळीस मिनिटांचे पुन्हा दोन भाग : एक पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, दुसरा नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी. शिक्षकांसाठीही अधूनमधून कार्यक्रम असत.

हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. माझ्या शाळेत मधली सुट्टी कधी होते, पावसाळ्यात ओढा भरला की मुले किती वाजता पोचतात, कुठल्या महिन्यात ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, यांतल्या कशाचाही त्या वेळापत्रकाशी संबंध नव्हता. वेळ ठरली होती ती पाच भाषांच्या वाटणीतून. एकच मार्ग पाच जणांनी वापरायचा तर दुसरे काही करताही आले नसते, म्हणून यात मी कुणाला दोष देत नाही. पण 'उपग्रह आहे, त्याचे काय करायचे' या प्रश्नातून व्यवस्था जन्मली की ती पुढेही त्याच प्रश्नाला उत्तर देत राहते. 'वाडीतल्या मुलाला काय हवे आहे' हा प्रश्न तिला विचारावा लागतो तो नंतर, आणि तोही कुणी आठवण करून दिली तर.

चिखलाचा बैल

तरीही सांगतो, ते कार्यक्रम चांगले असत. सगळे नव्हे. काही अगदी फळ्यावरचा धडा कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवल्यासारखे. पण जे जमून आले होते, ते माझ्या हातून कधी झाले नसते.

आमची वाडी प्रबळगडाच्या पायथ्याची. बहुतेक मुले ठाकर आणि कातकरी. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी तिथवर येत, पण दमून येत. अँटेना शाळेच्या कौलांवर लावली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. आंब्याच्या शेंड्याला बांधली की चित्र दिसे. वारा सुटला की एकाने झाडावर चढायचे, एकाने दारात उभे राहायचे आणि आत बसलेल्यांनी "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचे. शाळेत वीज नव्हती, ती शेजारच्या घरातून वायर ओढून घेतलेली. त्या घरच्या म्हातारीला त्या बदल्यात पहिल्या ओळीत बसायला मिळे.

एकदा मातीच्या वस्तूंवरचा कार्यक्रम लागला. पडद्यावरच्या बाई एक शब्दही शिकवण्याच्या सुरात बोलल्या नाहीत. त्यांचे हात दिसत होते, माती दिसत होती आणि मातीचा हळूहळू बैल होत होता. मधेच बैलाचा पाय मोडला. त्या हसल्या, पुन्हा लावला. कार्यक्रम वीसेक मिनिटांत संपला. दुसऱ्या दिवशी शाळेत येताना निम्म्या मुलांनी गाढी नदीच्या काठची माती आणली होती. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक कातकरी मुलगा त्या दिवशी मला शिकवू लागला, की कुठली माती वळते आणि कुठली फुटते, तिच्यात काय मिसळायचे. बैलांची रांग खिडकीत वाळत ठेवली. मग आम्ही ते बैल मोजले, त्यांच्या जोड्या लावल्या, एक बैल कमी पडला म्हणून बाकी उरली. भागाकार मुलांना त्या आठवड्यात कळला.

दूरचित्रवाणीने भागाकार शिकवला, असे मी म्हणणार नाही. तिने एवढेच केले, की वर्गात जी गोष्ट विद्या म्हणून मोजली जात नव्हती तिला पडद्यावर आणून मान दिला. आपल्या हातातले काम पडद्यावर दिसते, आपल्याला कळणाऱ्या मराठीत दिसते, हे त्या मुलांना पहिल्यांदा समजले. भाषेचा मुद्दा इथे येतो. पुस्तकातली मराठी माझ्या मुलांना परकीच होती, पण कार्यक्रमातल्या मराठीबरोबर हात आणि चेहरे येत, त्यामुळे शब्द अडला तरी अर्थ अडत नसे.

डेडस्टॉक रजिस्टर

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राथमिक शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर देण्याची योजना आली. टीव्हीच्या किमतीचा मोठा वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. टीव्ही यायला पैसे होते. त्याचा फ्यूज उडाला, वायर उंदराने कुरतडली, पावसात आवाज गेला, तर त्यासाठी कोणत्याही रकान्यात पैसे नव्हते.

माझी बदली झालेल्या एका शाळेत मी हजर झालो तेव्हा टीव्ही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होता. चादरीत गुंडाळलेला. "चोरीला गेला तर माझ्या पगारातून कापतील," असे ते म्हणाले, आणि त्यांचे चूक नव्हते. शाळेतल्या टेबल-खुर्च्या, घंटा, नकाशे, वजनकाटा या वस्तूंची जी नोंदवही असते तिला आम्ही डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो. टीव्ही त्यात नोंदलेला होता. तपासणीला साहेब आले की रजिस्टर उघडायचे, वस्तू दाखवायची, सही घ्यायची. वस्तू आहे की नाही हे पाहिले जाई. मुलांनी गेल्या महिन्यात काय पाहिले, हे विचारलेले मला माझ्या सगळ्या नोकरीत आठवत नाही.

त्यातून एक चमत्कारिक गोष्ट घडे. टीव्ही बिघडला तर 'नादुरुस्त' लिहायचे की नाही, यावर आम्ही मास्तर लोक विचार करत बसू. 'नादुरुस्त' लिहिले की खुलासा मागणार. त्यापेक्षा 'चालू' लिहिलेले बरे. मीही लिहिले आहे. असे किती 'चालू' वर गेले असतील! पुण्यात मन लावून कार्यक्रम करणाऱ्या लेखकाला, निर्मात्याला आपला बैल नेमका किती वाड्यांत पोचला हे कळायचा हाच एक रस्ता होता, आणि तो आम्ही आमच्या भीतीपोटी बुजवला. बालचित्रवाणी बंद पडली तेव्हा ती किती मुले पाहत होती हे कुणालाही छातीठोकपणे सांगता आले नाही, यात त्या खोट्या 'चालू'चाही वाटा आहे. माझ्या सहीचाही आहे.

तीन पाकिटे

आता पैशाकडे येऊ. मुलांसाठी चित्रवाणी चालवायला पैसा तीनच पाकिटांतून येऊ शकतो : सरकारच्या, जाहिरातदाराच्या किंवा बघणाऱ्या घराच्या.

बालचित्रवाणी पहिल्या पाकिटावर जगली. सुरुवातीला ते पाकीट केंद्राचे होते. योजनेसाठी निधी देताना केंद्राची अपेक्षा अशी, की संस्था एकदा उभी राहिली की राज्याने ती आपली मानावी. राज्याला वाटत राहिले, की ही केंद्राची योजना आहे. केंद्राचा हात आखडला गेला आणि राज्याचा हात पुरेसा पुढे आला नाही. शेवटच्या काळात कर्मचाऱ्यांचे पगार दीर्घकाळ रखडले. नवे कार्यक्रम करायला पैसे नाहीत, आणि नवे कार्यक्रम नाहीत म्हणून संस्थेची गरज काय, असे ते चक्र होते. अखेर २०१७ च्या मे महिन्यात पडदा पडला. काम पाठ्यपुस्तक मंडळाच्या 'ई-बालभारती'कडे गेले.

दुसऱ्या पाकिटाची गोष्ट माझ्या विद्यार्थ्याने सांगितली. त्या पाकिटावर त्याचे घर चालते. १ मे १९९५ रोजी कार्टून नेटवर्क भारतात आले. पनवेलमध्ये तेव्हा केबलच्या वायरी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाऊ लागल्या होत्या. २००४ हे वर्ष तर मुलांच्या वाहिन्यांच्या जत्रेचे. जानेवारीत पोगो आले, जुलैत जपानी चित्रमालिकांचे अॅनिमॅक्स, सप्टेंबरात हंगामा आणि डिसेंबरात डिस्ने.

यातल्या हंगामाची कथा मराठी वाचकाने नीट पाहावी अशी आहे. ही आपल्या शेजारच्या मुंबईतली, रॉनी स्क्रूवाला यांच्या यूटीव्हीने काढलेली देशी वाहिनी. परदेशी कार्टूनच्या गर्दीत तिने इथल्या मुलांना घेऊन हिंदी मालिका केल्या आणि सोबत 'डोरेमॉन', 'शिनचॅन' ही जपानी मंडळीही आणली. वाहिनी झपाट्याने वर गेली. दोन वर्षांच्या आत, २००६ मध्ये, डिस्नेने ती सुमारे तीन कोटी डॉलरला विकत घ्यायचे ठरवले. वाहिनी बंद पडली नाही, नाव टिकले. पण देशी कंपनीची मुलांची वाहिनी हा तिचा प्रयोग तेवढ्यावरच थांबला. यशस्वी झाली म्हणूनच ती विकली गेली.

"का विकली रे?" मी विचारले.

"गुरुजी, हिशेब बघा. मुलं टीव्ही सगळ्यात जास्त बघतात, पण खरेदी करत नाहीत. साबण, गाडी, बँक, सोनं, यांची जाहिरात मुलांच्या चॅनेलवर कोण देणार? बिस्किटं, चॉकलेटं, दुधात घालायची पावडर, खेळणी. म्हणजे जाहिरातदारच मोजके, त्यामुळे दर कमी. त्यात कार्टून बनवायला खर्च भरपूर. परदेशी कंपनीकडे आधीच बनवलेला माल असतो, तो ती दहा देशांत दाखवते. देशी माणसाला सगळा खर्च इथंच वसूल करायचा. वर आमच्यासारख्या केबलवाल्यांना जागेचं भाडं."

हे भाडे म्हणजे काय ते मला नव्याने कळले. जुन्या केबलमध्ये मोजक्याच वाहिन्या मावत आणि त्यांतही पहिल्या आकड्यांवरच्या जागा मोलाच्या. तिथे दिसायचे असेल तर वाहिनीच केबलवाल्याला पैसे देई. म्हणजे बघणारा पैसे देतो आणि दाखवणारा घेतो, हा आपला समज अर्धाच खरा होता.

मग वाहिन्या तगतात कशा? त्याचे उत्तर दर जूनमध्ये टपाल नाक्याजवळच्या दुकानांत टांगलेले दिसते. २००८ मध्ये पोगोवर 'छोटा भीम' सुरू झाला. हैदराबादच्या ग्रीन गोल्डने बनवलेला हा भीम दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, कंपासपेटीवर येऊन बसला. चित्र दाखवून जेवढे मिळते त्यात ते चित्र वस्तूंवर छापून मिळणाऱ्या पैशाची भर पडते. माझ्या वाडीतल्या चिखलाच्या बैलाचे दप्तर कोण काढणार? ज्या कार्यक्रमातून विकण्याजोगे पात्र निघत नाही, तो या हिशेबात आतबट्ट्याचाच.

एकाच वर्षातली तीन दारे

२०१७ हे वर्ष मला म्हणून महत्त्वाचे वाटते. त्या एप्रिलमध्ये अॅनिमॅक्स भारतातल्या पडद्यावरून उतरले आणि त्याच कंपनीची सोनी याय ही नवी वाहिनी आली. झी समूहाने २०१२ मध्ये ज्ञान आणि मनोरंजन एकत्र देण्यासाठी काढलेली झीक्यू ही मुलांची वाहिनीही त्याच वर्षी बंद झाली. आणि त्याच वर्षी बालचित्रवाणी.

तिघींची घराणी वेगळी. एक परदेशी आवडीवर चाललेली, एक देशी उद्योगसमूहाची, एक सरकारी. तिसरीकडे जाहिराती नव्हत्या, पहिल्या दोघींकडे अनुदान नव्हते. पण तिघींच्या बाबतीत एक गोष्ट सारखीच. ज्याच्या हातात पाकीट होते तो बघणारा नव्हता आणि जो बघणारा होता त्याला मत नव्हते, खिसा नव्हता, तक्रार करायला जागा नव्हती. मोठ्यांची मालिका बंद झाली तर पत्रे येतात. मुलांची बंद झाली तर मूल दुसरे बटण दाबते, आणि वर्षा-दोन वर्षांत ते मूलच मोठे होते. मुलांच्या वाहिनीचा प्रेक्षक सतत गळत असतो, तिच्यासाठी भांडायला जुना प्रेक्षक उरत नाही.

ही गोष्ट एकट्या आपल्या देशाची नाही. ब्रिटनमध्ये आयटीव्हीची सीआयटीव्ही ही मुलांची वाहिनी २००६ मध्ये सुरू झाली आणि १ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली. मुले इंटरनेटवर गेली हे कारण खरे; त्याच्या बरेच आधी, मुलांच्या कार्यक्रमांत चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या खाण्याच्या जाहिरातींवर तिथे बंदी आली होती आणि उत्पन्नाचा मोठा झरा आटला होता, हेही खरे. बंदी योग्यच होती. पण ते पैसे दुसरीकडून कोण देणार, हे कुणी ठरवले नव्हते.

मराठीचा प्रश्न याहून एक पायरी पुढचा आहे. सन समूहाने २००७ मध्ये तमिळमध्ये चुट्टी टीव्ही काढले, २००९ मध्ये तेलुगूत खुशी आणि कन्नडमध्ये चिंटू, २०११ मध्ये मल्याळममध्ये कोचू. चार भाषांत मुलांच्या स्वतंत्र वाहिन्या. मराठी प्रेक्षक काही कमी नाही, मराठी मालिकांच्या वाहिन्या भरपूर आहेत. मग त्या काळात मुलांची का निघाली नाही? केबलवाल्याचे उत्तर एका वाक्याचे होते : "आपल्या पोरांना हिंदी कळतं, गुरुजी." चेन्नईतल्या मुलाला हिंदी डोरेमॉन कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी सोय करणे धंद्याला परवडते. पनवेलच्या मुलाला कळतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळे काही करायची गरज धंद्याला दिसत नाही. आपली सोय हीच आपली गैरसोय झाली. माझा नातू पाच वर्षांचा असताना पडल्यावर "आई गं" म्हणायच्या आधी कार्टूनमधल्या हिंदीत कळवळे. मला त्याचे हसू येई आणि नंतर थोडे वाईटही वाटे.

शेजारच्या इमारतीतला 'किशोर'

आतापर्यंतच्या हिशेबावरून वाटेल, की मुलांसाठी मराठीत काही टिकणेच अशक्य आहे. तसे नाही, हे सांगणारा पुरावा बालचित्रवाणीच्या अगदी शेजारी आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाले आणि पन्नाशी ओलांडून चालू आहे. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. एकच गाव, एकच खाते, तीच मुले, तीच भाषा. एक जगले, एक गेले.

फरक माझ्या मते तीन गोष्टींत आहे. 'किशोर'च्या पाठीशी पाठ्यपुस्तके छापून विकणारी, स्वतःच्या उत्पन्नावर चालणारी संस्था आहे. त्याचा खर्च दरवर्षी कुणाकडे मागायला जावे लागत नाही. दुसरे, त्याला वर्गणीदार आहेत. किती अंक गेले, कुठे गेले हे कळते, मुलांची पत्रे येतात. म्हणजे वाचणाऱ्याची नोंद होते. हेच ते तिसरे पाकीट. लहानसे, पण बघणाऱ्याच्या घरातले. तिसरे, जुना अंक वाचायला यंत्र लागत नाही. १९७१ चा अंक आजही हातात घेऊन वाचता येतो.

शेवटचा मुद्दा बालचित्रवाणीच्या बाबतीत फार गंभीर आहे. तिथे तेहतीस वर्षांत हजारोंनी कार्यक्रम झाले, आणि त्यांतले कितीतरी चुंबकीय फितीवर. अशा फितीचे दोन शत्रू. एक, दमट हवेत तिच्यावरचा लेप सुटू लागतो, चिकटतो. फीत चालवताना चित्र सोलून निघते. दुसरा, ती वाचणारी यंत्रे आता बनत नाहीत. ज्या वर्षी शेवटचे चालते यंत्र बंद पडेल, त्या वर्षी शाबूत फीतसुद्धा मुकी होईल. कागदाला वाळवी लागली तर उरलेले पान वाचता येते, फितीला ती सवलत नाही.

तीन वर्षांनी

बालचित्रवाणी बंद करताना एक युक्तिवाद वारंवार कानावर येई, की आता मोबाइल आहेत, इंटरनेट आहे, दूरचित्रवाणीवरून शिकवणे जुने झाले. तीनच वर्षांनी करोना आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वाड्या-पाड्यांवर मोबाइल किती आणि रेंज किती, हे सगळ्या महाराष्ट्राला दिसले. त्या जुलैत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ४८० भाग. केंद्रानेही त्याच सुमारास प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा वाहिन्या जाहीर केल्या आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात तो आकडा दोनशेवर नेला.

'टिलीमिली' मी निवृत्तीनंतर घरी बसून पाहिली. करणाऱ्यांनी मनापासून केली होती. पण पाहताना सारखे वाटत होते, की हे काम करणारी माणसे, तो अनुभव, मुलांशी कॅमेऱ्यातून बोलायची ती रीत आपल्याकडे होती. नेमकी गरज उभी राहिली तेव्हा तिचे दुकान तीन वर्षांपूर्वी आवरलेले होते. १९७५ मध्ये प्रयोग, १९८४ मध्ये संस्था, २०१७ मध्ये बंद, २०२० मध्ये पुन्हा शून्यातून. ज्या यशपालांनी 'साइट' उभे केले ते बालचित्रवाणीनंतर दोनच महिन्यांनी, जुलै २०१७ मध्ये गेले.

दोनशे वाहिन्यांचा आकडा वाचला तेव्हा मला डेडस्टॉक रजिस्टर आठवले. वाहिन्या मोजल्या, भाग मोजले, तास मोजले. कुठल्या वाडीत किती मुलांनी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ती काय घेऊन शाळेत आली, हे मोजायची सोय यात कुठे आहे, हे मला माझ्या शिक्षक मित्रांना विचारायचे आहे. ती नसेल, तर आजचा तरुण गुरुजीही मी लिहिला तसाच 'चालू' लिहीत असेल.

बालचित्रवाणी पुन्हा सुरू करा, असे मी म्हणणार नाही. गेलेली संस्था तशीच परत येत नाही. मागणे त्याहून लहान आहे. आमच्याकडे शाळेतली जुनी वस्तू टाकून द्यायची असली तरी एक रीत असते. तिला निर्लेखन म्हणतात. वस्तूंची यादी करायची, प्रत्येकीसमोर कारण लिहायचे, समितीने पाहायचे, मगच सह्या करून ती रजिस्टरमधून काढायची. मोडका बाक टाकायलासुद्धा हे करावे लागते. त्या हजारो कार्यक्रमांची निदान तेवढी यादी व्हावी : कोणता कार्यक्रम, कोणत्या वर्षाचा, फीत कुठे आहे, चालते का, प्रत झाली का. झालेल्या प्रती 'किशोर'च्या अंकांसारख्या सगळ्यांसाठी खुल्या व्हाव्यात. आणि यादी होईपर्यंत कुणी सही करू नये.

परवा केबलवाला दिवाळीचा फराळ घेऊन घरी आला होता. त्याच्या मुलीचा मुलगा सोबत होता, हातात मोबाइल. मी आजोबाला विचारले, "तुला तो मातीच्या बैलाचा कार्यक्रम आठवतो का रे?"

"कार्यक्रम नाही आठवत," तो म्हणाला. "मी तेव्हा झाडावर होतो. पण बैल आठवतो. माझा एक शिंगाचा होता."

पोराने मोबाइलमधून मान वर काढली आणि विचारले, "एकच शिंग का?"

आजोबा सांगायला बसले.